मानेकडची चाई हट्टी असते

आई,

डॉक्टरीणबाईने एक साधा प्रश्न विचारला आणि मला तेव्हा उत्तर देता आलं नाही, म्हणून लिहायला बसले. तुला माहीत आहे मला लिहायचा किती कंटाळा. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. नंतर सही करणं आणि वाण्याकडच्या सामानाची चिठ्ठी, एवढंच माझं लिखाण. घरात बोलायला माणसं नाहीत असं नाही, आहेत सगळी, पण ती मध्येमध्ये बोलतात. तू मध्ये बोलणार नाहीस. जिवंतपणी तरी कुठे फार बोलायचीस.

तू माझ्या नातीला पाहिलं नाहीस. तू गेलीस तेव्हा तिचा बापच शाळेत जात होता. नाकावर राग, बोलायला फटाक, आणि केस असे दाट की लहानपणी तिला न्हाऊ घालताना माझी कंबर मोडायची. आता अंधेरीला विमानतळावर कामाला आहे. काउंटरला उभी राहते, लोकांच्या बॅगा वजनाला लावते, पास काढून देते आणि सगळ्यांना हसून दाखवते. हसू तिथेच संपतं, घरी आणत नाही. तिथला थाट वेगळा. लिपस्टिकचा रंग ठरलेला, नखं ठरलेली, आणि केस मागे चोपून अंबाडा, वर काळी जाळी. एक केस बाहेर दिसता कामा नये. ड्युटी सुरू व्हायच्या आधी त्यांची मॅडम पोरींना रांगेत उभं करून पुढून मागून बघते. नोकरी अजून पक्की झालेली नाही, म्हणून ही त्या अंबाड्याला देवासारखी जपायची.

तर एका सकाळी सून तिचा अंबाडा घालत होती आणि घालता घालता गप्प झाली. माझी सून गप्प झाली म्हणजे काहीतरी झालंच. मी चहाखालचा गॅस बारीक करून बघायला गेले. मानेच्या वर, जिथे केस सुरू होतात तिथे एक गोल. रुपयाएवढा. गुळगुळीत, चकचकीत, जसं तिथे कधी काही उगवलंच नव्हतं. मी बोलले, चाई आहे, मला झाली होती, येतात परत, चहा घे, उशीर होतोय. माझ्या हिशेबाने विषय संपला.

पण हल्ली कुठला विषय असा संपतो? सुनेने मोबाईलमध्ये डोकं घातलं. दुसऱ्या दिवशी मिक्सरमध्ये कांदे. रस काढायचा, डोक्याला चोपडायचा, मग सगळी पोळीभाजी कांद्याच्या वासाची. मग माक्याचं तेल आलं, मग कसल्या परदेशी पाल्याचं पाणी, मग चघळायच्या गोळ्या, लिमलेटसारख्या. बाथरूमच्या नळाला गाळणी बसवली, कारण टँकरचं पाणी खारं. मी बोलले, पाण्याने जात असते तर आख्ख्या कांदिवलीचं टक्कल झालं असतं. मग बोलली टेन्शनने जातात. मी बोलले, टेन्शनने जात असते तर साकीनाक्याला आमच्या वर्कशॉपमध्ये कॉइल गुंडाळणाऱ्या बायकांच्या डोक्यावर एक केस राहिला नसता. उशीला रेशमी अभ्रा आला, त्यावरून पोरीचं डोकं रात्रभर घसरायचं. सून वाईट नाही गं. घाबरली की खरेदी करते, एवढंच.

एका गोष्टीचा मात्र मला राग आला. समोरच्या ब्लॉकमधल्या बाईने सांगितलं की चाईचा किडा असतो, तो केस खातो आणि एकाचा दुसऱ्याला लागतो, कंगवा-टॉवेल वेगळा करा. सुनेने टॉवेल वेगळा केला. बाल्कनीत दोरीच्या टोकाला, आमच्या सगळ्यांच्या टॉवेलपासून हातभर लांब. पोरगी कामावरून आली, दोरीकडे बघितलं, आणि काही न बोलता आत गेली. तिचं न बोलणं मला परवडत नाही. मी तो टॉवेल काढला आणि माझ्या आणि तिच्या बापाच्या टॉवेलच्या मध्ये अडकवला. सून बघत होती.

शेवटी मीच तिला पालिकेच्या हॉस्पिटलात नेलं. ओपीडीत खच्चून गर्दी, पण डॉक्टरीणबाई चांगली भेटली. वयाने आमच्या पोरीहून फार मोठी नसेल. भिंग लावून तो गोल बघितला, कडेचे केस धरून हलकेच ओढून बघितले. मी लगेच बोलले, चाई आहे ना? ती बोलली, हो आजी, चाईच. मग तिने जे सांगितलं ते मला पहिल्यांदाच कुणी नीट सांगत होतं. किडा नाही, घाण नाही, पाणी नाही, कुणाचं कुणाला लागत नाही. आपल्या अंगात रोगाशी लढायला शिपाई असतात, ते चुकून आपल्याच केसांच्या मुळांवर उठतात. मला एकदम डोंगरावरची आपली चाळ आठवली. चोर आला म्हणून आरडाओरडा झाला होता आणि सगळ्यांनी मिळून खालच्या खोलीत आलेल्या जावयाला बडवला होता, ते आठवतं? तसंच हे. पण ती बोलली, मूळ मरत नाही, झोपतं. त्यामुळे पुष्कळांचे केस आपोआप येतात, वर्षभरात वगैरे. काहींचे येतात आणि परत जातात. काहींचे येतच नाहीत. मुळांवर चाललेला दंगा शांत करायला तिथे बारीक सुया टोचायच्या, वरून औषध लावायचं. रक्तही तपासायला दिलं, थायरॉईड आणि लोह बघायला. आणि एक शेवटी बोलली, टाळूवरची लवकर भरते, मानेकडची जरा हट्टी असते.

सून पण आली होती. तिने पिशवीतून तेलाच्या बाटल्या काढून टेबलावर मांडल्या, यातलं कुठलं लावू. डॉक्टरीणबाई चिडली नाही. बोलली, ताई, केस गळतात हे पोट दुखतं म्हटल्यासारखं आहे. कशाने दुखतं ते बघायला नको? कुणाचे मोठ्या तापानंतर जातात, दोन-तीन महिन्यांनी, आणि त्याला काही करावं लागत नाही, आपले येतात. बाळंतपणानंतर तसंच. कुणाच्या अंगात रक्त कमी, त्याला डोक्याला काही चोपडून काय होणार, खायला घाला. कुणाचे बापासारखे, भांगातून किंवा कपाळाकडून विरळ होत जातात, त्याचं औषध वेगळं, आणि ते धरलं तर कायम चालू ठेवायला लागतं. मग माझ्याकडे वळून बोलली, आणि आजींचे बघा, पुढचं कपाळ केवढं मोठं झालंय, हे ओढून ओढून झालंय. किती वर्षं घट्ट अंबाडा बांधताय?

आता काय सांगू तिला? आपल्या मोरीच्या कट्ट्यावर बसवून तू माझ्या दोन वेण्या घालायचीस त्या अशा घट्ट की डोळे तिरपे व्हायचे. घट्ट बांधले की वाढतात, हे तुझं शास्त्र. हललं की कंगव्याच्या पाठीने टाळूवर एक टोला. त्यानंतर वर्कशॉपमध्ये मशीनच्या भीतीने मी तसाच घट्ट अंबाडा आयुष्यभर बांधला. मुळं दमतात म्हणे अशाने, आणि फार वर्षं झाली की उठतच नाहीत. तुझी चूक काढत नाही. तुझ्या हाताला माझं डोकं रोज सकाळी लागायचं, ते मला आवडायचं, टोल्यासकट. पण पोरीचा अंबाडा तेव्हापासून मी सैल बांधायला लागले. जाळीत तसाही दिसत नाही.

मग डॉक्टरीणबाईने तो प्रश्न विचारला. घरात आणखी कुणाला चाई? मी बोलले, मला, लहानपणी. तुमच्या आईला? मी बोलले नाही. लगेच बोलले माहीत नाही. ती लिहायची थांबली, कारण मी असं कधी बोलत नाही, हे तिला तेवढ्या वेळात कळलं असणार. आई, मला तुझे मोकळे सोडलेले केस आठवेनात. तुझे हात आठवतात, पायाच्या भेगा आठवतात, तुझी ओरडायची पट्टी आठवते. पण डोकं म्हटलं की पदर. चुलीशी पदर, नळाच्या लाइनीत पदर, मे महिन्यात पत्रा तापलेला असताना पण पदर. मला वाटायचं मोठे काका वरच्या खोलीत राहतात, त्यांचा मान. चाळीतल्या बायका कौतुक करायच्या, बाई घरंदाज आहे. आणि तू डोक्यावरून न्हायचीस ते आम्ही सगळे बाहेर असताना. एका खोलीत राहून मी ते कधी पाहिलं नाही, आणि पाहिलं नाही हे पण कधी लक्षात आलं नाही.

माझी चाई तुला आठवत असेल. टाळूवर, बरोबर मध्ये. तू पहिल्यांदा लसूण चोळलीस आणि मी चाळ डोक्यावर घेतली, कातडं सोललं होतं. मग तू मला कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे नेलंस. सगळे काढ, बोललीस, जावळ काढतात तसे, म्हणजे एकसारखे दाट येतील. त्याने वस्तरा खाली ठेवला. आई-बाप जिवंत असलेल्या पोरीचं डोकं मी नाही करत, बोलला, मला पाप नको. तू वाद घातला नाहीस. माझा हात धरून डोंगर चढलीस, बाबांचं दाढीचं सामान काढलंस आणि मोरीवर बसवून मला स्वतः भादरलंस. मी रडत होते आणि तू दात-ओठ खात वस्तरा चालवत होतीस, एकदाही कापलं नाही. आता डॉक्टरीणबाई सांगते, वरून काढल्याने काही फरक पडत नाही, खाली मुळाला कळतसुद्धा नाही. माझे आले ते त्यांचे आपलेच येणार होते. मी घरी येताना मनात बोलले, बघ, फुकट भादरलंस.

बाबा गिरणीतून आले ते दारातच उभे राहिले. माझ्याकडे बघितलं, तुझ्याकडे बघितलं. डबा खाली ठेवून इतकंच बोलले, "अगो, मी जिवंत आसय मा अजून?"

तू ताट वाढत होतीस. मान वर न करता बोललीस, "तुमचा नाय भादरलंय. तिचा भादरलंय. जेवा आता."

आणि ते जेवले. शाळेत मला सगळे गोटा बोलायला लागले. बाईंनी विचारलं घरात कोण गेलं, तर तू शाळेत येऊन सांगून गेलीस की कोणी गेलेलं नाही, जे आहेत ते धडधाकट आहेत. मी तुला रोज विचारायचे, आये, येतील काय गं? तू एकच बोलायचीस, येतले, गप ऱ्हव. मग एकदा बाजारातून येताना तू लाल रिबिनी आणल्यास. जोडी. माझ्या डोक्यावर बोटभर केस नाहीत आणि हातात रिबिनी. मी बोलले, बांधू कुठे? तू बोललीस, ठेव, लागतले. तेव्हा मला वाटलं तुला सगळं माहीत आहे. मोठी झाल्यावर वाटलं, तुला काहीच माहीत नव्हतं, नुसती हिंमत होती. ही रिबिनींची गोष्ट मी पोरीला कितीदा सांगितली असेल. तुझ्या हिमतीची गोष्ट म्हणून.

सुया टोचायच्या दिवशी पोरगी मला आत घेऊन गेली, तिच्या आईला नाही. आई रडेल, बोलली. खाली मान घालून बसली आणि डॉक्टरीणबाई त्या गोलात कडेकडेने टोचायला लागली. पोरगी हूं की चूं नाही, फक्त माझं बोट असं आवळलं की अंगठी रुतली. दातांतून बोलली, "आजी, बोल ना काहीतरी." मग बाबांचं सांगितलं, मी जिवंत आसय मा अजून. डॉक्टरीणबाईने सुई बाजूला घेतली आणि हसून घेतलं, मग परत टोचली. पोरगी पण हसली, डोळ्यांतून पाणी येत होतं तरी. दर महिन्याला हे. दर महिन्याला मला नवीन काहीतरी सांगायला लागायचं, तुझं आणि बाबांचं. तुमचा साठा संपत आला.

मध्ये अजून दोन गोल पडले होते, वर टाळूकडे. ते भरायला लागले. आधी पांढरी लव आली, पिसासारखी. सुनेने कपाळाला हात लावला, एवढ्यात पांढरे. डॉक्टरीणबाई बोलली, असंच असतं, आधी पांढरे येतात, मग रंग धरतात. आणि धरला. पण मानेवरचा ढिम्म. उलट कानाच्या दिशेने पसरत चालला, आता जाळीखाली पण दिसायला लागला. पोरगी दोन आरसे घेऊन बसायची, एक पुढे, एक मागे. काळी पावडर लावून कामावर जायची आणि घामाने कॉलर काळी होऊन यायची. मॅडमने एकदा विचारलं पण, हे काय लागलंय. डॉक्टरीणबाई बोलली, गोळ्या आहेत यावर, पण त्या चण्या-फुटाण्यासारख्या खायच्या नाहीत, रक्त बघत राहायला लागेल, आणि खात्री मी देत नाही. पोरीला तिचं ते खात्री न देणं आवडलं असावं. पण रिक्षात बसल्यावर तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "तुझे आले ना परत? मग माझे येतील ना?"

मी बोलले, घरी चल आधी. पहिल्या दिवशी चहाच्या गडबडीत येतात परत म्हणून मोकळी झाले होते, आता ते तोंडातून निघेना. माझी टाळूवरची. हिची मानेवरची. तुझ्यासारखं छातीठोक बोलायचं तर माहिती तरी पाहिजे नाहीतर तुझी हिंमत तरी. घरी आल्यावर गावी मावशीला फोन लावला, डॉक्टरीणबाईचं उत्तर तरी मिळेल म्हणून. मावशीला ऐकू कमी येतं. मी ओरडून विचारलं, आईला चाई होती काय गं? अख्ख्या मजल्याने ऐकलं असेल.

"तुझ्या आवशीक? होती तर," मावशी बोलली. "लगीन जमायच्या आधी. आमच्या आयेन डोक्या भादरल्यान. बाकीचे भरले. पाठचो एक गोल काय भरलो नाय. म्हणान तर ती पदर काढी नाय. तुका सांगूक नाय तिना?"

नाही सांगितलंस. मी फोन ठेवला आणि गॅसवर काही नसताना गॅसजवळ जाऊन उभी राहिले. म्हणजे तू हिमतीने नव्हतीस बोलत. तुझ्या डोक्यावर दोन्ही होतं, आलेलं पण आणि न आलेलं पण, आणि त्यातलं आलेलं तेवढं तू मला सांगत होतीस. पदराखाली गोल ठेवून मला रिबिनी आणल्यास. बाबांना माहीत असणार. म्हणून ते त्या दिवशी दोन शब्द बोलून मुकाट जेवले, नाहीतर बाबा असे सोडणारे होते का? आणि तुला शेवटची आंघोळ घातली तेव्हा मी पायांशी बसले होते, डोक्याकडे शेजारची काकू होती. तिने पाहिलं असणार. तिने केस नीट बांधून वर पदर ओढला आणि ती पण मला काही बोलली नाही. चाळीत सगळं सगळ्यांना माहीत असायचं बोलतात. हे नव्हतं. की सगळ्यांना होतं आणि मलाच नव्हतं, देव जाणे. मला राग आला तुझा, खरं सांगते. मग गेला. एवढी वर्षं एवढ्या उकाड्यात तो पदर तू कसा सहन केलास, हेच डोक्यात राहिलं.

रविवारी पोरीची सुट्टी होती. ती बाल्कनीत नखं घासत होती. मी जाऊन सरळ बोलले, "तुझ्या पणजीचा एक गोल कधीच भरला नाही. मागचाच."

तिने नखं घासायचं थांबवलं. "म्हणजे माझा पण नाही भरणार?"

"ते मला माहीत नाही. डॉक्टरला पण माहीत नाही."

"मग सांगितलंस कशाला?"

"पहिल्या दिवशी मी बोलले येतात परत. ते माझं होतं. तुझं मला कुठे ठाऊक? आता जे आहे ते सांगितलं."

ती परत नखं घासायला लागली, जोरजोरात. मला वाटलं वाट लावली मी. मग तिने विचारलं, पणजी काय करायची मग. मी बोलले, पदर घ्यायची आणि कामाला लागायची. डोंगरावर पाणी चढवलं, पोरं वाढवली, नवऱ्याला जेवायला बसवलं. ती नाकातून हसली. बोलली, मी नाही हां पदर घेणार. मी बोलले, घेऊ नको. मग बोलली, "काढून टाक मग सगळे. सुया चालू ठेवीन, गोळ्या पण घेईन, पण हे दोन आरसे घेऊन बसायचा वैताग आलाय मला. तूच कर. सलूनवाला पन्नास प्रश्न विचारेल."

मुलाचं ट्रिमर मशीन आणलं. बाथरूमच्या बाहेर स्टुलावर बसवलं, खाली पेपर पसरले. मला हात लावायला धीर होईना, मग लावला. मशीन घर्र करत चाललं आणि ते दाट केस, ज्यांनी माझी कंबर मोडली होती, पेपरवर पडायला लागले. सून स्वयंपाकघराच्या दारात तोंडाला पदर लावून उभी. मला वाटलं आता आरडाओरडा करते. नाही केला. थोड्या वेळाने जवळ आली, पोरीची हनुवटी धरून डोकं वळवलं आणि बोलली, "आई, कानामागे राहिलंय." मग तिनेच झाडू घेतला. दुसऱ्या दिवशी कांद्याच्या रसाची बाटली कचऱ्यात दिसली. गोळ्यांची नाही. असू दे, लिमलेटसारख्या लागतात, मी पण खाते एखादी.

कामावर तिने आधीच फोन करून सांगितलं होतं. मॅडमने तिला पुढून मागून बघितलं. नियमात केस कसे बांधायचे ते होतं, नसले तर काय करायचं ते नव्हतं. मॅडमने डॉक्टरचा कागद मागितला, वर विचारते बोलली, आणि तोवर काउंटरला उभी राहा बोलली. वरून अजून काही आलेलं नाही. नोकरी पक्की होते की नाही ते पुढच्या महिन्यात कळेल. पण उभी राहते. परवा रांगेतल्या एका पोराने विचारलं म्हणे, दीदी तुझे केस कुठे गेले, त्याची आई मेल्याहून मेली. ही बोलली, लगेजमध्ये टाकले, वजन जास्त झालं. घरी येऊन स्वतःच सांगून हसत होती, पोट धरून. हसू पहिल्यांदा विमानतळावरून घरी आणलं बघ.

डॉक्टरीणबाईला मी उत्तर दिलं. माझ्या आईला होती, तिच्यातला एक राहिला. तिने लिहून घेतलं आणि बोलली, बरं झालं विचारलंत, घराण्यात असलं की कळलेलं बरं. यापुढे आमच्या घरात कुणाला झालं तर माहीत असेल. तुझ्या पदराचं एवढं तरी झालं. तुला आवडलं नसतं, मला माहीत आहे. पण सांगितलं.

आता पुरे. हे कागद सुनेच्या हातात पडले तर ती रडेल आणि आणखी एक तेल मागवेल, तेव्हा पोरगी उठायच्या आत फाडून टाकते. ती आत झोपली आहे. रात्रपाळी करून आली की दुपारी पालथी झोपते, खिडकीकडे डोकं करून, आणि ऊन बरोबर मानेवर पडतं. मी सगळ्यांना सांगते तिला नुसतं टक लावून बघत बसू नका, जे व्हायचं ते होईल. आणि रोज दुपारी, सून कामावर असते तेव्हा, मी चष्मा पुसून तिच्या पलंगापाशी वाकून उभी राहते. काल तिथे, अगदी कडेला, काहीतरी चमकल्यासारखं झालं. लव होती की माझ्या काचेवरचा ओरखडा, ते कळलं नाही. चष्मा काढून पुसून परत बघायला पाहिजे होतं. मी नाही बघितलं. तशीच उलट्या पावलाने बाहेर आले, आणि अजून कुणाला बोलले नाही.